आयरिशमध्येही पायाला बोटंच असतात

डब्लिनमध्ये दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला एकदा शाळेतून एक कागद मिळाला. मधोमध एका पोराचं चित्र, भोवती बाण, आणि प्रत्येक बाणापुढे त्या अवयवाचं आयरिश नाव लिहायचं. इथल्या प्राथमिक शाळांत जवळपास सगळीच मुलं आयरिश शिकतात आणि सुरुवातीचे धडे ‘मे फेन’, म्हणजे ‘मी स्वतः’ या विषयावर असतात. तिनं डोकं, नाक, कान भराभर लिहून टाकले आणि पायाच्या बोटांपाशी येऊन अडली. इंग्रजीत ‘टो’ असा स्वतंत्र शब्द आहे, तसा काहीतरी ती आठवत होती. शेवटी वहीत सापडलं ‘मेर कॉशे’. मेर म्हणजे बोट, कॉशे म्हणजे पायाचं. “एवढंच? हे तर आपलं पायाचं बोट झालं!” तिची जरा निराशाच झाली. मला मात्र त्या कागदानं चांगलंच कामाला लावलं.

आयरिश शिकणारे बहुतेक जण तिच्याकडे इंग्रजीतून येतात आणि दर वळणाला ‘हे असं का?’ म्हणून थबकतात. मराठीतून आलं की त्यातले निम्मे प्रश्न पडतच नाहीत. उरलेले निम्मे मात्र जोरात पडतात, तेही सांगते.

आधी एक कबुली. इथे देवनागरीत लिहिलेले उच्चार कामचलाऊ आहेत. आयरिशच्या मन्स्टर, कॉनॉक्ट आणि अल्स्टर अशा तीन मोठ्या बोली आहेत. डोक्याला पश्चिमेकडे ‘क्यान’ म्हणतात, दक्षिणेकडे तोच शब्द ‘क्याउन’सारखा ऐकू येतो. मालवणी आणि वऱ्हाडी माणसानं एकच वाक्य म्हणून दाखवावं, तसं.

हात म्हणजे नेमका कुठवर?

‘लाव’ म्हणजे हात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा. ‘कॉस’ म्हणजे पाय, मांडीपासून तळव्यापर्यंत. इंग्रजी मनगटाशी आणि घोट्याशी रेघ मारून दोन-दोन शब्द करते. आयरिश तसं करत नाही आणि आपणही करत नाही. ‘हाताला लागलं’ म्हटल्यावर ‘कुठं?’ असं आपणही विचारतोच की. नेमकेपणा हवा असेल तर आयरिशमध्ये शब्द आहेत. तळहाताला ‘बॉस’ म्हणतात. मनगटासाठी ‘हाताचा बारीक भाग’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. उत्तरेकडे खांद्यापासूनच्या हाताला पंखासाठी असलेला शब्दच वापरतात. ‘कातड्याचा पंख’ म्हटलं की मात्र ते वटवाघूळ.

या एका शब्दानं भाषांतरकारांना किती छळलंय, ते आयर्लंडच्या पुराणकथांत दिसतं. नुअदा नावाचा राजा मॉय तुराच्या लढाईत हात गमावतो. अंगात व्यंग असलेल्यानं राज्य करायचं नाही असा दंडक, त्यामुळे गादी जाते. (आपल्याला इथे धृतराष्ट्र आठवतोच.) मग दिअन केख्त नावाचा देववैद्य त्याला चांदीचा हात बसवतो आणि राजाचं नाव पडतं अर्गेटलाव. अर्गेट म्हणजे चांदी, हा शब्द आणि आपला ‘रजत’ एकाच मुळातून आले. लाव म्हणजे हात. इंग्रजी भाषांतरांत काही ठिकाणी फक्त पंजा चांदीचा झालाय, काही ठिकाणी अख्खा बाहू. मुळात तो प्रश्नच नाही. मराठीत ‘रजतहस्त’ म्हणा किंवा ‘चांदीच्या हाताचा’ म्हणा, गाडी अडत नाही.

बोटांचंही तसंच. ‘ओर्दोग’ म्हणजे अंगठा, आणि पायाचा अंगठा म्हणजे ‘ओर्दोग कॉशे’. पायाच्या बोटाला आयरिशमध्ये दुसरेही शब्द आहेत, पण शाळेत शिकवतात तो मेर कॉशेच. गुडघ्याला ‘ग्लून’ म्हणतात आणि ग्लूनचा दुसरा अर्थ पिढी. ‘पिढ्यान्‌पिढ्या’ म्हणायचं असेल तर आयरिश माणूस शब्दशः ‘गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत’ म्हणतो.

शब्दाचं डोकं हलतं

आता ते जोरात पडणारे प्रश्न. मराठी शब्द वाक्यात शिरला की त्याची शेपूट बदलते: हात, हाताला, हातानं. डोकं जागच्या जागी राहतं, त्यामुळे शब्दकोशात तो चट्‌कन सापडतो. आयरिश शब्दाचं डोकंसुद्धा बदलतं, आणि नवशिक्याची सगळी फजिती इथेच होते.

‘त्याचे’, ‘तिचे’ आणि ‘त्यांचे’ या तिन्हींसाठी आयरिशमध्ये एकच शब्द आहे, नुसता ‘अ’. मग पाय कुणाचे हे कळायचं कसं? पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून. ‘कॉसा’ म्हणजे पाय, अनेकवचनी. अ ख़ॉसा म्हणजे त्याचे पाय. अ कॉसा म्हणजे तिचे पाय. अ गॉसा म्हणजे त्यांचे पाय. तोंडाला ‘बेल’ म्हणतात: त्याचं तोंड अ वेल, तिचं अ बेल, त्यांचं अ मेल. पोत्यातून बटाटा बाहेर काढावा आणि हातात येईपर्यंत तो कांदा झालेला असावा, असं पहिले काही महिने वाटत राहतं.

यातल्या पहिल्या बदलाला ‘शेवू’ म्हणतात, म्हणजे मऊ करणं. क चा घासून निघणारा ख़ होतो, ब चा व होतो, स चा नुसता ह उरतो आणि फ तर गडपच होतो. दाताला ‘फीअकल’ म्हणतात, पण त्याचा दात म्हटलं की ‘अ ईअकल’. आज हा मऊपणा रोमन लिपीत पुढे एक ‘एच’ लावून दाखवतात आणि त्यामुळे आयरिश शब्द पाहिला की डोळे फिरतात. जुन्या आयरिश छापाईत मात्र एच नव्हता, अक्षराच्या डोक्यावर एक टिंब असे. क़ आणि ख़ साठी आपण अक्षराखाली नुक्ता देतो, तीच युक्ती, फक्त वरच्या मजल्यावर. मला विचाराल तर ती पद्धत सोडली हे फार चांगलं झालं नाही.

दुसऱ्या बदलाचं नाव आहे ‘उरू’, म्हणजे चक्क ग्रहण. ‘त्यांचे पाय’ लिहिताना मूळ क पुसत नाहीत, त्याच्या आधी ग बसवतात. उच्चार फक्त ग चा. झाकलं गेलेलं अक्षर कागदावर दिसतं, कानाला मात्र लागत नाही. व्याकरणातल्या संज्ञेला इतकं चपखल नाव क्वचितच मिळत असेल.

डोळ्याला ‘सूल’ म्हणतात. ‘तो डोळा’ म्हटलं की होतं ‘अन तूल’. आता बिचारा शिकणारा शब्दकोशात त खाली शोधत बसतो आणि तिथे काही नसतं. हे लफडं रस्त्यावरच्या पाट्यांवरही भेटतं. दक्षिणेला किन्सेल नावाचं बंदर आहे, त्याचं आयरिश नाव ‘क्युन ताले’, म्हणजे खाऱ्या पाण्याचं डोकं, जिथवर समुद्राचं पाणी आत येतं ती जागा. मूळ शब्द ‘साले’. पाटीवर आधी लहान लिपीतला त आणि लगेच त्याला चिकटून मोठ्या लिपीतला स असतो. पर्यटकांना वाटतं रंगाऱ्याची चूक झाली.

आणि आपला घसा

डोक्याचं झालं, आता शेपटीचं. इथे मात्र आपण हसत हसत पुढे जातो.

आयरिशमधल्या जवळपास प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं असतात, एक जाड आणि एक बारीक. कुठलं रूप हे शेजारच्या स्वरावरून ठरतं. अ, ओ, उ शेजारी असेल तर जाड. इ, ए असेल तर बारीक. इंग्रजी बोलणाऱ्याला हे कळायला वर्ष जातं. मराठी माणसानं ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ हे दोन शब्द लागोपाठ म्हणावेत. दोन्हींत च, पण जीभ दोन वेगळ्या जागी लागते, आणि इ पुढे आली की च आपोआप तालव्य होतो. तत्त्व तेच, फक्त आयरिशनं ते क, ल, न, र सगळ्यांना लावलंय.

सर्वांत मजा स ची. जाड स तो स, बारीक स तो श. आता पाहा: कॉस म्हणजे पाय, पण पायाशी म्हणताना ‘कॉश’, पायाचं म्हणताना ‘कॉशे’. आणि आपला घसा? घसा दुखतो, पण खवखव घशात होते. मासा ताजा, पण माशाचं कालवण. सामान्यरूपात स च्या पुढे य आला आणि स चा श झाला. आयरिशमध्ये फार पूर्वी शेवटी असलेला इ-सारखा स्वर झिजला आणि जाताना श मागे ठेवून गेला. दोन्हीकडे कारण एकच: इ-य च्या सहवासात जीभ टाळूकडे सरकते. आठ हजार किलोमीटरांच्या अंतरावर बसून दोन भाषांनी स्वतंत्रपणे हा उद्योग केलाय, आणि मला तो घशात सापडला.

एक वरदानही आहे. आयरिशमधले जाड त आणि द आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. इथली इंग्रजाळलेली मुलं तिथे ट-ड म्हणतात. आपल्या पोरांना हे फुकटात मिळतं.

अर्धा डोळा

जोडीनं असलेल्या अवयवांबद्दल आयरिशची एक खोड आहे, ती मला सर्वांत आवडते. डोळे, कान, हात, पाय यांची जोडी हेच एकक. मग एकच असेल तर तो अर्धा. ‘ल्याह’ म्हणजे अर्धा. एकाक्ष माणूस ‘अर्ध्या डोळ्यावर’ असतो, त्याला म्हणतात ‘एर ल्याहूल’. लंगडी घालणारं पोर ‘अर्ध्या पायावर’ असतं, ‘एर ल्याख़ॉश’. त्याला पाय अर्धा आहे असं नाही, जोडीतला एक आहे. हेच मग बुटालाही लागू होतं, एकटा बूट म्हणजे अर्धा बूट. जुळ्यांपैकी एका भावाला ‘अर्धं जुळं’ म्हणतात. मोज्यांच्या कप्प्यात हात घालणाऱ्या कुणालाही हा हिशेब पटेल.

दोन म्हणतानाही जोडीची आठवण शिल्लक आहे. ‘दोन’ या शब्दापुढे आयरिशमध्ये अनेकवचन येत नाही आणि पाय, हात, कान यांचं तर खास रूप येतं: ग़ा ख़ॉश, दोन पाय. हे जुन्या द्विवचनाचे अवशेष. संस्कृतात हस्तौ, पादौ होते. मराठीनं द्विवचन केव्हाच मोडीत काढलं. आयरिशनं मात्र शरीरापुरता त्याचा एक तुकडा जपून ठेवला.

दुखणं माझ्यावर आहे

‘माझं डोकं दुखतंय’ हे आयरिशमध्ये ‘ता टिन्यस किन ऑरम’. शब्दशः: आहे दुखणं डोक्याचं माझ्यावर. सर्दी माझ्यावर असते, भूक माझ्यावर असते, तहान, लाज, भीती, सगळं माझ्यावर येऊन बसतं. इंग्रजीत माणूस भुकेचा मालक असतो किंवा स्वतःच भुकेला असतो. आपल्याकडे भूक ‘मला लागते’, ताप ‘मला येतो’. मी काही करत नाही, माझ्या बाबतीत ते घडतं. आयरिश याच बाजूची आहे, फक्त ‘ला’ ऐवजी ‘वर’.

मालकी दाखवणारं क्रियापदही तिच्यात नाही, मराठीतही नाही. ‘माझ्याकडे पैसे आहेत’, तसं ‘तिच्यापाशी निळे डोळे आहेत’. आणि ‘माझ्यावर’, ‘तुझ्यावर’ यांत आपलं सर्वनाम आणि शब्दयोगी अव्यय जसं चिकटतं, तसं ते आयरिशमध्येही चिकटतं, इतकं की सांधा दिसेनासा होतो: ऑरम, ऑर्त, एर, इर्ही. माझ्यावर, तुझ्यावर, त्याच्यावर, तिच्यावर. हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

रंगांचं थोडक्यात. लाल केसांच्या या देशात केसांच्या लालीला वेगळा शब्द आहे, ‘रूअ’. रक्ताचा किंवा झेंड्याचा लाल तो ‘द्यारग’. केसांना द्यारग म्हटलं तर कुणीतरी डब्यातला रंग ओतल्यासारखं वाटतं. कोल्हाही रूअ असतो, त्याचं एक नावच ‘लालसर कुत्रा’. आपल्याकडे ‘घारा’ हा रंग फक्त डोळ्यांसाठी राखून ठेवलाय, त्यातलाच हा प्रकार.

तोंड, जीभ आणि इंग्रजी

‘त्यंगा’ म्हणजे जीभ आणि त्यंगा म्हणजेच भाषा. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द, लॅटिन ‘लिंग्वा’ आणि संस्कृत ‘जिह्वा’ एकाच मूळ शब्दापर्यंत नेतात. तोंडं इतकी बदललीत की घरचेही ओळखणार नाहीत, पण नातं मानलं गेलेलं आहे.

त्याहून गमतीचं तोंडाचं. ‘बेल’ म्हणजे तोंड, पूर्वीचा अर्थ ओठ. त्यावरून जुन्या आयरिशमध्ये ‘बोली, भाषा’ या अर्थाचा शब्द तयार झाला. तोच झिजून आज ‘बेअर्ला’ झालाय, आणि बेअर्ला म्हणजे इंग्रजी. ज्या शब्दाचा अर्थ कुठलीही बोली असा होता, तो शेवटी राज्यकर्त्यांच्या भाषेलाच चिकटला. याच तोंडावरून एक म्हणही आहे: ‘इस बिन बेल इना हॉस्त’, गप्प राहिलेलं तोंड गोड.

तोंड पाट्यांवरही सगळीकडे. बेलफास्टचं मूळ नाव ‘बेल फ़ेर्श्ते’, वाळूच्या पट्ट्याचं मुख. नदीला मुख आपण देतो तसंच. पाठीला ‘द्रीम’ म्हणतात आणि डोंगराची लांबट पाठ म्हणजेही द्रीम. डब्लिनमधली ड्रमकॉन्ड्रा आणि डंड्रम ही दोन्ही उपनगरं या पाठीवर बसलीत. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या अंड्याच्या आकाराच्या टेकड्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘ड्रमलिन’ म्हणतात. ती या द्रीमचीच छोटी पाठ. पायावरून ‘कॉश आरिगे’, समुद्राच्या पायाशी, म्हणजे किनाऱ्याला. गॉलवेच्या पश्चिमेच्या एका आयरिशभाषक पट्ट्याचं नावच ते आहे. आपण डोंगराचा पायथा म्हणतो, ते लोक समुद्रालाही पायथा देतात. ‘च्या वर’ म्हणायला ‘डोक्यावर’, ‘च्या मागे’ म्हणायला ‘पाठीशी’, ही त्यांची रोजची शब्दयोगी अव्ययं. परीक्षा तोंडावर येऊन ठेपते अशा भाषेच्या माणसाला यात नवल ते काय?

डोकं राजकारणातही आहे. इथल्या लोकसभेच्या, म्हणजे डॉलच्या अध्यक्षाला ‘क्यान कोरले’ म्हणतात, सभेचं डोकं. आपला मुख्यमंत्री मुखावरून आला, यांचा सभापती डोक्यावरून. सिंधुदुर्गातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर 2017 मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाले, तेव्हा डॉलमध्ये याच क्यान कोरलेला उद्देशून बोलत.

काखेतला पाय

1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या आहेत असं मांडलं, तेव्हा केल्टिक भाषाही त्याच कुळातली असावी असा अंदाजही जोडला होता. आयरिश ही केल्टिक. पुढे त्या दिशेनं काम करणाऱ्यांत डब्लिनचा व्हिटली स्टोक्स होता. नोकरीनिमित्त तो भारतात वीस वर्षं राहिला, तिथले कायदे लिहिण्यात त्याचा मोठा हात होता, आणि फावल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांवर काम चालू होतं. 1868 साली कॉरमॅकचा प्राचीन आयरिश शब्दसंग्रह त्यानं संपादित करून छापला, तो चक्क कलकत्त्यात.

अवयवांत हे नातं कुठं दिसतं? कानाला ‘क्लूअस’ म्हणतात, तो ‘श्रवण’मधल्या श्रु चा भाऊ: तिकडे क, इकडे श, हा या दोन शाखांमधला ठरलेला फरक. विश्वास ठेवणे म्हणजे ‘क्रेद’, तो आपल्या ‘श्रद्धा’चा सख्खा नातेवाईक. दातांसाठी जुना शब्द ‘देद’, तो ‘दंत’. आणि कॉस? हाच मूळ शब्द लॅटिनमध्ये कमरेच्या सांध्याला चिकटला, आयर्लंडमध्ये खाली घसरून पाय झाला, आणि संस्कृतात वर चढून ‘कक्ष’, म्हणजे बगल झाला. त्या कक्षाची मराठी काख. कळसा काखेत असतो तिथे आयरिश माणसाचा पाय असतो.

डोळ्याचं मूळ तर आभाळात. सूल हा शब्द ‘सूर्य’च्या मुळाशी जोडला जातो. आयरिशमध्ये सूर्याला दुसराच शब्द आला आणि हा डोळ्याला मिळाला. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या डोळ्यातून सूर्य जन्मतो, आयर्लंडमध्ये उलटं झालं म्हणायचं.

हे सगळं बोलतं कोण? 2022 च्या जनगणनेत 18,73,997 जणांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे मात्र 71,968. म्हणजे दवाखान्यात जाऊन ‘दुखणं माझ्यावर आहे’ म्हणण्याची संधी डब्लिनमध्ये फारशी येत नाही. अवयवांचे हे शब्द पाट्यांवर, पश्चिमेच्या आयरिशभाषक गावांत आणि दुसरीतल्या पोरांच्या कागदांवर भेटतात.

आणि पत्रांत. सूल म्हणजे डोळा, आणि सूल म्हणजे आशाही. ‘ता सूल अगम’, शब्दशः ‘माझ्यापाशी डोळा आहे’, म्हणजे मला आशा आहे. शाळेत पत्र लिहायला शिकवतात, त्यातलं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: तू बरी असशील असा माझ्यापाशी डोळा आहे. माझी आजी सांगलीहून पत्र पाठवायची, त्यात डोळे शेवटच्या ओळीत यायचे: तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत.